‘मजा नाही आली’ ही दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या ऑनलाइन लेखन करून पैसे कसे मिळवावेत, यावर अर्धं पान लेख आला होता. सोबत लॅपटॉप, वाफाळता मग आणि खिडकीबाहेर हिरवा डोंगर असं चित्र. माझ्या खिडकीतून शेजारच्या अपार्टमेंटची पाण्याची टाकी दिसते, पण ते असो. मागणी किती आहे, कुठला कोर्स करावा, नमुने कसे जमवावेत हे सगळं लेखात नीट सांगितलं होतं. लेख लिहून पाठवला की पुढे काय होतं, यावर मात्र एक ओळ नव्हती. आमच्या धंद्यातलं निम्मं काम तिथून पुढेच सुरू होतं, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. आपल्या कात्रीवर माझा आक्षेप नाही. कापलंत तर कायद्याचा भाग तेवढा राहू द्या, माझं रडगाणं खुशाल काढा.

मी मिरजेची. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मुद्रितशोधक होते. पानं मुख्य कार्यालयातच लागू लागली तेव्हा आमचं टेबल गेलं आणि मी मुक्त लेखिका झाले, म्हणजे पगारातून मुक्त. शेतीच्या ॲपसाठी द्राक्षावरच्या डाऊनी रोगाबद्दल लिहिते, आरोग्याच्या संकेतस्थळासाठी गुडघेदुखीबद्दल, विम्यावाल्यांसाठी मुदत विम्याबद्दल, आणि कधीतरी माझ्या आवडीचं, गाणंबजावणं आणि कारागिरीबद्दल. बहुतेक लेखांवर माझं नाव नसतं. त्याचं वाईट वाटायचे दिवस गेले.

पुन्हा लिहायला सांगितलं म्हणून रुसून बसणाऱ्यांतली मी नाही. आमच्या आवृत्तीप्रमुखांच्या हातात कायम पेन्सिल असायची. बातमीच्या समासात ते ‘कोणी सांगितलं?’, ‘केव्हा?’, ‘तुम्ही पाहिलंत का?’ एवढंच लिहायचे आणि कागद परत करायचे. वार्ताहर चडफडत फोन लावायला जायचा आणि परत यायचा तेव्हा बातमी खरोखर सुधारलेली असायची. मोठ्या प्रमाणावर हेच काम ‘सत्यकथा’ मासिकात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन करत. कथा परत यायची तर सोबत पत्र यायचं, आणि कथा कुठे सैल पडली आहे ते त्या पत्रात असायचं. त्यांच्यावरही लोक चिडलेच. साठच्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंकच जाळला. पण अंक जाळायला निघालेल्यांनाही संपादकाला नेमकं काय हवंय हे ठाऊक होतं, म्हणूनच भांडता आलं. मला आता ज्यांच्याशी भांडावंसं वाटतं, त्यांना काय हवंय हेच मला कळत नाही. बहुधा त्यांनाही नाही.

एक उदाहरण तपशिलात सांगते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर एका संकेतस्थळाने माझ्याकडे त्यावर लेख मागितला. हजार शब्द, शब्दाला साठ पैसे. विषय घरचा, म्हणून मी दराची घासाघीस केली नाही. सतारमेकर गल्लीत जाऊन बसले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे कडू भोपळे माळ्यावर कसे वाळत ठेवलेले असतात, त्यातला कुठला तंबोऱ्याला चालेल हे कारागीर बोटाने टकटक करून कसं ठरवतो, घोडी (तारा टेकतात ती पट्टी) कानशीने घासत तो जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज, कशी काढतो आणि तारेखाली सुती धागा सरकवून आवाज कुठे खुलतो ते कसं पाहतो, हे सगळं डोळ्यांनी बघून लिहिलं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं, हेही थोडक्यात घेतलं.

लेख पाठवला. उत्तर आलं: ‘मस्त आहे मॅम, पण फ्लो नाहीये.’ कुठे अडलं, असं विचारलं. ‘ओव्हरऑल.’ ओव्हरऑल दुरुस्त कसं करायचं ते मला शिकवलेलं नव्हतं. तरी परिच्छेद मागेपुढे केले, जवारीचा भाग वर आणला. मग त्या मुलाची बदली झाली किंवा त्याने नोकरी सोडली, आणि दुसरीच बाई आली. तिने आधीचा पत्रव्यवहार पाहिला नव्हता. तिला ‘मिरजेच्या तंबोऱ्याबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या ७ गोष्टी’ असा साचा हवा होता आणि मानांकनाचा शब्द पहिल्याच परिच्छेदात तीनदा. तेही केलं. तंबोऱ्याच्या बरोब्बर सात गोष्टी कशा निघतात हा प्रश्न मी गिळला. मग रात्री साडेदहाला तिचा व्हॉइस मेसेज: ‘वरिष्ठांना मजा नाही आली. थोडं इमोशनल करा ना. कारागीर कुठे रडलाय का?’ कारागीर रडला नव्हता. त्याला कोलकात्याहून आलेल्या ऑर्डरची घाई होती, लाकूड महागल्याची काळजी होती, आणि मी निघावं म्हणून तो चहा सांगत होता.

शेवटी छापलं काय, तर माझ्या पहिल्या मजकुराच्या जवळपासचंच काहीतरी. फरक एवढाच की ‘कडू भोपळा’ कुणाला तरी खटकला, त्याने तो ‘लाल भोपळा’ केला, आणि चित्रातही मस्त केशरी, गोल गरगरीत भोपळा टाकला. ज्यांच्या दुकानात मी बसले होते त्यांचा दुसऱ्या दिवशी फोन. ‘ताई, आता घारग्यांच्या भोपळ्याचा तंबोरा करायचा का आम्ही?’ या लेखावर नाव होतं, आणि ते माझं होतं.

पैसे सहाशे. त्यातून दहा टक्के टीडीएस कापून पाचशे चाळीस. वर्षाला तीस हजारांपर्यंतच्या व्यावसायिक मोबदल्यावर तेव्हा टीडीएस कापायची गरजच नव्हती (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा पन्नास हजार झाली), पण लेखा विभागाला सगळ्यांचे सरसकट कापणं सोपं जातं. परतावा विवरणपत्र भरून मिळतो. तेवढ्यासाठी मी मार्चअखेर सव्वीस-एएस (आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा प्राप्तिकर खात्याचा तक्ता) उघडून बघत बसते, कारण कापलेला कर जमा न करणारेही भेटले आहेत. हिशेब केला तर एकाच लेखाची तीन वेगवेगळी रूपं मी साठ पैशांत दिली, म्हणजे एका रूपाला शब्दामागे वीस पैसे. चौकातल्या टायपिंगवाल्यालाही यापेक्षा जास्त पडतात, आणि त्याला कारागिराच्या अश्रूंचा हिशेब द्यावा लागत नाही.

आता याच्या अगदी उलट. पुण्याच्या एका डिजिटल मासिकाच्या डेस्कवर एक मुलगी आहे, पंचविशीची असेल. वेण्णा खोऱ्यातल्या स्ट्रॉबेरीवरच्या माझ्या लेखावर तिचा फोन आला. ‘ताई, तिसऱ्या परिच्छेदात शेतकरी म्हणतो की खर्च परवडत नाही. पण खर्च कशावर होतो ते तुम्ही लिहिलंच नाही. रोपांवर, मल्चिंगच्या कागदावर की मजुरीवर? आणि शेवटचे दोन परिच्छेद एकच गोष्ट सांगतात, त्यातला एक काढू का?’ मी पुन्हा दोन शेतकऱ्यांना फोन केले, आकडे घेतले, परिच्छेद नव्याने लिहिला. संध्याकाळ गेली. पैसे वाढवून मागायचं मनातही आलं नाही, कारण लेखाचं भोक तिने बरोबर दाखवलं होतं आणि ते बुजवणं माझंच काम होतं. छापायच्या आधी तिने अंतिम मजकूर मला पाठवला. हे करायला तिला पाच मिनिटं लागली असतील. अशी माणसं या धंद्यात आहेत, आणि मी अजून लिहिते ती त्यांच्यामुळे.

बाकीच्यांनाही मी खलनायक म्हणत नाही. डेस्कवरची मुलंही कंत्राटावर असतात. दिवसाला अमुक इतके लेख चढवायचे, वाचकसंख्येचा आलेख कुणीतरी भिंतीवर लावलेला, आणि वर बसलेला माणूस वाचतो फक्त मथळा. त्याने ‘मजा नाही’ म्हटलं की ती मुलं तेच शब्द खाली ढकलतात. त्यांना मधल्या मध्ये विचारायची सोय नसते. मला असते. पण मी विचारलं की मी ‘डिफिकल्ट’ ठरते.

भाषेच्या दुरुस्त्यांची तर वेगळीच तऱ्हा. एका संकेतस्थळावर ‘केलं, झालं, गेलं’ चालतं, दुसऱ्यावर ‘केले, झाले, गेले’ हवं. यात बरोबर-चूक काही नाही, ज्याची त्याची शैली. आधी सांगितलं तर मी तसंच लिहीन. पण एकदा दीड हजार शब्दांचा प्रवासलेख मंजूर झाल्यावर कळलं, की नव्या संपादकांना सगळं ‘ले’मध्ये हवंय. ‘फक्त रिप्लेस ऑल मारा,’ म्हणाले. मी म्हटलं, असं होत नाही, हाताने करावं लागेल, एक दिवस द्या. दिवस द्यायचा नव्हता, त्यांनीच मारलं. ‘लं’च्या जागी सगळीकडे ‘ले’ बसलं. विमान लेडनला उतरलं, विलेब झाला, पुढचा कार्यक्रम हवामानावर अवलेबून राहिला. तसंच प्रसिद्ध झालं, आणि दुपारी मला मेल आला की तुमच्या लेखात शुद्धलेखनाच्या फार चुका आहेत, पुन्हा तपासून द्या. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची त्यातली भर ज्या बाईने उभ्या आयुष्यात पाठ केली आणि पाळायला लावली, तिला हा मेल. मी तो छापून ठेवला आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आणि हल्ली ते एआय पकडणारं यंत्र. एका आरोग्य संकेतस्थळाने गुडघ्यांवरचा माझा लेख परत पाठवला, कारण यंत्राच्या मते तो ऐंशीच्या वर टक्के मशीनने लिहिलेला होता. फिजिओथेरपिस्टशी झालेल्या बोलण्याच्या वहीतल्या पानांचे फोटो मी पाठवले, डॉक्युमेंटचा सगळा इतिहास उघडून दाखवला, कुठल्या तासाला कुठली ओळ खोडली तेसुद्धा. संपादक भला माणूस. म्हणाला, ‘ताई, मला पटतंय हो. पण टूलमधून पास झाल्याशिवाय सिस्टिम अपलोडच घेत नाही.’ मग स्वतःच उपाय सुचवला: दोन-चार ऱ्हस्व-दीर्घ चुकू द्या, वाक्यं थोडी वेडीवाकडी करा, स्कोअर खाली येतो. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं असं ओळखयंत्र आणलं होतं. इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते फारच कमी भरवशाचं आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते बंदही केलं. ज्यांनी मशीन बनवलं त्यांना जे जमलं नाही, ते कुठलं तरी फुकटातलं यंत्र मराठीत करून दाखवतंय, आणि त्याच्या आकड्यावर माझं मानधन अडकतंय. वाक्यं तोडली, लेख बिघडवला, पास झाला. ऱ्हस्व-दीर्घाला मात्र हात लावला नाही. तेवढं मला जमणारच नव्हतं.

याच संकेतस्थळांकडून नंतर वेगळं काम येऊ लागलं. ‘ड्राफ्ट एआयचा आहे, तुम्ही फक्त हात फिरवा.’ दर तिसऱ्या हिश्श्याइतका. गुढीपाडव्याच्या श्रीखंडाचा असा एक ड्राफ्ट आला होता. त्यात चक्का मंद आचेवर दहा मिनिटं शिजवायला सांगितला होता. यावर हात कसा फिरवायचा? सगळं पुसून नव्याने लिहायचं, आणि पैसे पुसण्याचेच घ्यायचे. मी ते काम बंद केलं. ज्यांना बंद करणं परवडत नाही, त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

इतकं सांगितलं त्यामागे माझं म्हणणं सरळ आहे. लेखात चूक माझी असेल, माहिती अपुरी असेल, ठरलेल्या विषयाला मी फाटा दिला असेल, तर मी पुन्हा लिहीन, फुकट लिहीन, दोनदा लिहीन. पण लेख ठरल्याप्रमाणे असताना तुमचं मन बदललं, संपादक बदलला, कीवर्ड बदलला, वरच्यांना मजा आली नाही, तर ते नवं काम आहे, आणि नव्या कामाचे पैसे लागतात. घराला निळा रंग देऊन झाल्यावर मालकीणबाईंना पिवळा हवासा वाटला, तर रंगारी दुसऱ्या हाताचे पैसे मागतो आणि कुणाला त्यात उद्धटपणा दिसत नाही.

कायदा याबाबतीत आमच्या समजुतीपेक्षा बरा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा फक्त फाउंड्री आणि यंत्रमागवाल्यांचा, असं मलाही वाटायचं. पण त्यात सेवा देणारेही येतात, आणि एकटी लेखिकाही १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम पोर्टलवर नोंदणी करू शकते. आधार आणि पॅन लागतं, पैसे लागत नाहीत. (पैसे मागणारी तोतया संकेतस्थळं भरपूर आहेत, सांभाळून.) नोंदणी काम देण्याच्या आधीची असलेली बरी, नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात.

या कायद्यात स्वीकृतीची व्याख्या आहे, आणि आमच्यासाठी खरी मेख तिथे आहे. सेवा दिली तो दिवस स्वीकृतीचा. घेणाऱ्याला आक्षेप असेल तर तो त्याने पंधरा दिवसांत लेखी कळवायचा. मग आक्षेप दूर होईल तो दिवस स्वीकृतीचा धरतात. पंधरा दिवसांत लेखी काहीच आलं नाही, तर माल पसंत आहे असं कायदा मानतो. म्हणजे लेख पाठवून महिना लोटल्यावर ‘वरिष्ठांनी आत्ताच पाहिलं, थोडं बदलू या’ असा फोन आला, तर लेख केव्हाच स्वीकारला गेलेला आहे. पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली तरी ती पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि काहीच ठरलेलं नसेल तर पंधरा दिवस. त्यापुढे दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. तक्रार ऑनलाइन करता येते, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते. त्यात २०२३ च्या अर्थसंकल्पाने आणखी एक चाप लावला: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी कंपनीने मुदतीत दिली नाहीत, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च तिला प्राप्तिकरात वजा दाखवता येत नाही.

पाचशे चाळीस रुपयांसाठी परिषदेपुढे कोण जाणार, असं आपण म्हणाल. कोणीच नाही, मीही नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक टाकला आणि मेलमध्ये पंचेचाळीस दिवसांची आठवण नम्रपणे करून दिली, की ते बिल संपादकांच्या हातून निघून लेखा विभागाकडे जातं. ‘मजा नाही आली’ हे कारण तिथे चालत नाही. माझी दोन जुनी बिलं अशीच सुटली.

हक्कांचंही तसंच. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार लेखाचा पहिला मालक लेखकच. पगारी नोकराची गोष्ट वेगळी. पण बाहेरच्या माणसाकडून लेख मागवून घेतला म्हणून तो आपोआप मागवणाऱ्याचा होत नाही. हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असं कलम १९ सांगतं. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही लेखनाची मोडतोड करून लेखकाच्या नावाला बट्टा लावता येत नाही. लाल भोपळा यात बसतो का, हे वकिलांना विचारायला हवं. नाकारलेला लेख लेखकाचाच राहतो हे मात्र विचारावं लागत नाही. तरीही ‘सॅम्पल’ म्हणून फुकट घेतलेले आणि ‘नाही जमलं’ म्हणून परत केलेले लेख चार परिच्छेद इकडचे तिकडे करून दुसऱ्याच्या नावाने आलेले मी पाहिले आहेत. त्यातला एक माझा होता. जाब विचारला तर उत्तर आलं, ‘टॉपिक कॉमन आहे मॅम.’ टॉपिक कॉमन होता खरा. माझ्या आतेसासूबाईंनी सांगितलेली, हुलग्याच्या माडग्यात घालायच्या वाटणाची कृती मात्र कॉमन नव्हती.

माझ्यापुरता मी एक शिरस्ता पाडला आहे. फोनवर काम ठरलं की लगेच एक मेल करते: विषय हा, शब्द इतके, भाषा बोलीतली की प्रमाण, दर हा, माझ्या चुकीची दुरुस्ती विनामूल्य, विषय किंवा साचा बदलल्यास निम्मा दर. व्हॉइस मेसेज आला की त्यातून मला कळलेले मुद्दे लिहून परत पाठवते आणि ‘हेच ना?’ असं विचारते. ‘फ्लो नाही’ आलं, तर ‘कुठल्या ओळीला थांबलात ते कळवा’ म्हणते. गंमत म्हणजे निम्म्या वेळा त्याला उत्तरच येत नाही आणि लेख आहे तसा लागतो. एका संकेतस्थळाने या मेलनंतर काम देणं बंद केलं. घरात त्यावरून बोलणंही झालं, कारण ते महिन्याला बऱ्यापैकी द्यायचे. मी मेल मागे घेतला नाही.

आता आपल्याकडे येते, कारण पत्र आपल्याला आहे. आपल्या संकेतस्थळावर लेख पाठवणाऱ्यांसाठी सूचना आहेत, मी वाचल्या. शब्दमर्यादा आहे, युनिकोडची अट आहे, फोटोचा आकार आहे आणि ‘निवडीचा अंतिम अधिकार संपादकांचा’ हे आहे. अधिकार आपलाच, वाद नाही. त्याच पानावर आणखी थोडं लिहा. लेख मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हो, नाही किंवा बदल असं काहीतरी कळवू. बदल हवे असतील तर कुठल्या परिच्छेदात आणि का, ते लिहून देऊ. सांगितलेल्याहून वेगळं काही मागितलं तर त्याचे वेगळे पैसे देऊ. मागवून घेतलेला लेख आमच्या कारणाने लागला नाही तर निदान अर्धं मानधन देऊ. ज्या लेखावर लेखकाचं नाव जाणार, त्याचा अंतिम मजकूर त्याला आधी दाखवू. मानधन किती आणि कधी, तेही लिहा. ‘योग्य मानधन दिले जाईल’ या वाक्याने आजवर कुणाच्या गॅसचं सिलिंडर आलेलं नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पहिल्या पानावर मोठा मथळा केला होता आणि आत दोन पानं लेख होते. ते लेख लिहिणाऱ्यांत बाहेरचे किती होते, त्यांना मानधन किती दिवसांत मिळालं, हे आपल्या लेखा विभागाकडून एकदा मागवून पाहा.

दिवाळी अंकासाठी लेखकांना फोन जून-जुलैत सुरू होतात. त्याआधी ही पाच-सहा ओळींची भर सूचनांच्या पानावर आली, तर यंदाच्याच लेखकांना तिचा उपयोग होईल. मसुदा हवा असेल तर मी पाठवते. त्यात बदल सुचवायचे असतील तर कुठल्या ओळीत ते मात्र कळवा.

आपली नियमित वाचक,
एक मुक्त लेखिका, मिरज

(नाव, पत्ता आणि फोन आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे. कृपया छापू नये. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यातल्या दोघांकडे माझी बिलं अजून बाकी आहेत.)